मोहिमेनंतरचा मंत्रज्ञ

पेशवाईतील फौजा पावसाळा लागला की छावणीला राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा मोहिमेवर निघत, हे आपण इतिहासाच्या तासाला मुलांना सांगतो. मात्र त्या चार महिन्यांत छावणीतल्या माणसाने दिवस कसे काढले, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. लढाईची गोष्ट होते. मधला काळ गोष्टीत मावत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या इंदूरच्या घराच्या माडीवर आमचा पुतण्या आणि शाळेचे चार माजी विद्यार्थी मिळून एक खेळ खेळत बसत. त्या खेळाकडे आम्ही प्रथम कपाळाला आठ्या घालूनच पाहिले. चहाच्या निमित्ताने पाच-सहा दिवस वर जाऊन बसल्यावर ध्यानात आले की, आपण इतिहासात जो प्रश्न सोडून देतो, तोच ही मुले येथे तासन् तास घोळवीत आहेत. या खेळातील मंत्रविद्या जाणणारी पात्रे मोहीम संपवून गावात परतली म्हणजे आपल्या विद्येचे काय करतात, एवढाच या लेखाचा विषय आहे.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने तो प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो व एकजण सूत्रधार होतो. सूत्रधाराने प्रसंग सांगावयाचा, खेळाडूंनी आपले पात्र काय करील ते बोलून दाखवावयाचे, आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा निर्णय फासे टाकून करावयाचा, अशी ही रीत आहे. नाटक म्हणावे तर संहिता नाही आणि प्रेक्षकही नाहीत. सोंगट्यांचा डाव म्हणावा तर शेवटी कोणी जिंकत नाही. पात्रांत योद्धा असतो, चोर असतो, देवालयाचा उपासक असतो आणि पोथ्या वाचून मंत्र शिकलेला एक पंडितही असतो. या पंडितास मराठीत काय म्हणावे, हा आमच्यापुढे प्रश्न होता. ‘मांत्रिक’ म्हटले की अंगारे-धुपारे डोळ्यांपुढे येतात, ‘जादूगार’ म्हटले की तिकीट लावून दाखविलेली हातचलाखी, आणि ‘मायावी’ म्हटले की राक्षसकुळाची आठवण होते. म्हणून आम्ही ‘मंत्रज्ञ’ हा शब्द योजला आहे. याहून बरा शब्द कोणी सुचविल्यास आम्हांस आनंदच होईल.

मंत्रज्ञाची विद्या कशी चालते, हे आधी पाहिले पाहिजे. जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या ‘द डाइंग अर्थ’ या १९५० सालच्या पुस्तकातील एक कल्पना गायगॅक्स यांनी उचलली. तीत मंत्र पाठ करून मनात साठवावयाचा, आणि एकदा तो उच्चारला की स्मृतीतून पुसला जावयाचा. परशुरामाच्या शापामुळे कर्णाला ऐन वेळी अस्त्राचा मंत्र आठवेनासा झाला, ही कथा आपणांस ठाऊक आहे. या खेळात ती अवस्था शाप म्हणून येत नाही, तो रोजचा नियमच आहे. पुढील आवृत्त्यांत हा नियम सौम्य होत गेला. २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत मंत्र विसरत नाही. तो म्हणण्याचे बळ मात्र दिवसाकाठी ठरावीक वेळाच मिळते, आणि ते संपले की किमान ८ तासांच्या विश्रांतीनंतरच पुन्हा येते. अगदी किरकोळ मंत्र तेवढे कितीही वेळा म्हणता येतात.

या एका नियमातून पुढचे सारे निघते. मोहिमेवर असताना मंत्रज्ञ आपले बळ कृपणासारखे जपतो, कारण पुढच्या वळणावर काय उभे असेल ते त्यास ठाऊक नसते. गावात परतल्यावर नेमके उलटे होते. बळ रोज सकाळी भरते आणि वापरले नाही तर त्या दिवसापुरते वाया जाते. विहिरीला पाणी भरपूर, पण उपसणारे कोणी नाही, अशी त्याची स्थिती होते. आपल्या संतचरित्रांत ज्ञानदेवांनी भिंत चालविली ती चांगदेवांच्या भेटीसाठी, आणि एकदाच. त्या भिंतीवरून रोज बाजाराला जावे की काय, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. या खेळातील मंत्रज्ञापुढे मात्र तो दररोज उभा राहतो. त्याच्या विद्येची खरी परीक्षा राक्षसासमोर होत नसून गावातल्या रिकाम्या मंगळवारी होते, असे आमचे मत झाले आहे. राक्षसासमोर काय करावे हे राक्षसच ठरवितो. मंगळवारी ते स्वतःलाच ठरवावे लागते.

दोन मोहिमांमधील या काळाला इंग्रजी नियमग्रंथांत जो शब्द आहे तो मूळचा कारखान्यातला, यंत्र बंद असण्याच्या वेळेसाठी वापरला जाणारा. आम्ही त्यास छावणीचा काळ म्हणू. यंत्र बंद पडले म्हणून माणूस बंद पडत नाही. खेळाच्या कर्त्यांनाही याची जाणीव आरंभापासून होती. १९७९ साली सूत्रधारांसाठी लिहिलेल्या ग्रंथात गायगॅक्स यांनी कथेतील दिवसांची नोंद काटेकोर ठेवण्याचा आग्रह धरला, तो याच कारणास्तव. दिवस मोजले नाहीत, तर छावणीच्या काळाला किंमतच उरत नाही. २०१४ च्या ग्रंथात या काळासाठी वस्तू घडविणे, व्यवसाय करणे, प्रकृती सुधारणे, शोध घेणे आणि नवे शिक्षण घेणे अशी पाच कामे सांगितली आहेत. नवी भाषा शिकावयाची तर २५० दिवस आणि दररोज एक मोहर असा तेथे हिशेब आहे. हा आकडा ऐकून आम्हांस मनापासून बरे वाटले. आठवड्याभरात भाषा शिकविण्याच्या जाहिराती आपण नेहमी पाहतो. राक्षस आणि पऱ्यांच्या या खेळाने तरी तसे वचन दिलेले नाही.

आता पैशाचे पाहू. या खेळात दहा चांदीच्या नाण्यांची एक सोन्याची मोहर होते. अकुशल मजुरास दिवसाला चांदीची दोन नाणी मिळतात आणि कसबी कारागिरास दोन मोहरा. शहरात एखादा साधा मंत्र म्हणवून घ्यावयाचा तर सामग्री सोडून दहापासून पन्नास मोहरांपर्यंत खर्च येईल, असे २०१४ चा ग्रंथ अंदाजाने सांगतो. म्हणजे मंत्रज्ञाने एकदा तोंड उघडले तर मजुराची पन्नास दिवसांची कमाई त्याच्या पदरात पडते! मग त्याने अंधाऱ्या गुहेत शिरून जीव धोक्यात घालावाच कशाला? आम्ही हा प्रश्न पुतण्यास विचारला. तो म्हणाला, “काका, दर आहे, पण गिऱ्हाईक रोज कुठून येणार?” हे उत्तर अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे. गावाला अज्ञात वस्तूचे गुण ओळखून देणारा मंत्र वर्षातून किती वेळा लागेल? ज्यास खरोखर लागतो त्याच्यापाशी पैसा नसतो, आणि ज्याच्यापाशी पैसा असतो त्यास बहुधा शेजाऱ्याच्या मनातले काढून हवे असते. चांगला सूत्रधार असतो तो दरपत्रक वाचून दाखवीत नाही. दार कोण ठोठावीत आहे, ते तो सांगतो.

किरकोळ मंत्रांची मौज वेगळीच आहे. एका मंत्राने एक फुटापर्यंतची चीर किंवा मोड मिनिटाभरात सांधली जाते. तडकलेली कळशी, फाटलेले उपरणे, तुटलेली कडी, सारे त्यात बसते, आणि हा मंत्र कितीही वेळा म्हणता येत असल्यामुळे त्याचा साठा संपण्याचा प्रश्न नाही. दुसऱ्या एका मंत्राने कपडे स्वच्छ करता येतात, मेणबत्ती पेटविता-विझविता येते, निवलेले अन्न कोमट करता येते आणि बेचव अन्नाला तासभर चवही आणता येते. तिसऱ्याने एक अदृश्य गडी तासभर राबतो. केर काढतो, घड्या घालतो, वाढतो. वसतिगृहाच्या भटारखान्याची व्यवस्था ज्यांनी कधी पाहिली आहे, त्यांना या तीन मंत्रांचा मोह का पडावा हे समजावून सांगण्याची गरज नाही. रणांगणावर या मंत्रांना कोणी विचारीत नाही. गावात मात्र मंत्रज्ञाची ओळख यांवरूनच ठरते. वीज पाडणारा म्हणून लोक त्यास भितात आणि कळशी सांधणारा म्हणून हाक मारतात.

मोठ्या मंत्रांत आम्हांस सर्वांत मननीय वाटला तो कच्च्या मालाचे पक्क्या मालात रूपांतर करणारा. झाडांचा पूल, अंबाडीचा दोर, लोकरीचे कापड, सारे दहा मिनिटांत होते. माडीवरील एका मुलाने लगेच बेत केला की, लोखंड विकत घ्यावे, चिलखते करावीत आणि श्रीमंत व्हावे. परंतु नियमात पुढे एक अट आहे. चिलखत, शस्त्र, काच, दागिने अशा कसबी वस्तू करावयाच्या असतील, तर मंत्रज्ञास त्या त्या कारागिराची हत्यारे मुळात चालविता आली पाहिजेत. लोहारकाम ज्यास येत नाही त्याच्या मंत्रालाही ते येत नाही. मुलगा हिरमुसला आणि नंतर त्याचा मंत्रज्ञ गावातल्या लोहाराकडे भाता ओढावयास जाऊ लागला. शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला हाच मुलगा कधी जागेवर सापडत नसे, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

वनदेवतांच्या उपासकांपाशी असलेला एक मंत्र युद्धातही कामाचा आहे. गवत-झुडपे माजवून शत्रूची वाट तो अडवितो. तोच मंत्र सावकाश, आठ तास बसून म्हटला, तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतील जमीन वर्षभर दुप्पट पिकते. गणित करून पाहिले तर हे क्षेत्र सुमारे ५०० एकर भरते. एकच विद्या घाईने वापरली तर काट्यांचे कुंपण होते आणि दिवसभर खपून वापरली तर शेत होते. आणखी एक मंत्र आहे दूरच्या प्रवासाच्या मंडलाचा. दुर्मिळ खडू व शाई यांनी जमिनीवर रांगोळीसारखे मंडल काढावयाचे, त्यातून पाऊल टाकले की माणूस दूरच्या दुसऱ्या मंडलात पोचतो. हे मंडल क्षणिक असते. परंतु त्याच जागी वर्षभर दररोज, एकही दिवस न चुकता, ते काढले तर ते कायमचे होते. दर खेपेची सामग्री पन्नास मोहरांची, म्हणजे वर्षाचा खर्च १८,२५० मोहरा. पैसा कसाही जमेल, पण वर्षभर गाव सोडावयाचे नाही, ही अट साहसी माणसास जड जाते. ज्या गावी असे कायमचे मंडल असते, त्या गावी एखादा मंत्रज्ञ कधीतरी वर्षभर थांबला होता, असे समजावे.

नवा मंत्र शिकण्याचा नियमही असाच आहे. दुसऱ्याच्या पोथीतील मंत्र आपल्या पोथीत उतरून घेण्यास मंत्राच्या दर पायरीमागे दोन तास आणि पन्नास मोहरा लागतात. आपल्याच पोथीची दुसरी प्रत करावयाची तर तासभर आणि दहा मोहरा पुरतात, कारण समजून घेण्याचे कष्ट एकदा झालेले असतात. नकलून घेणे आणि समजून घेणे यांतील फरक इतक्या स्वच्छ आकड्यांत मांडलेला आम्ही अन्यत्र पाहिला नाही.

२००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत याहून कठोर नियम होता. मंत्रसिद्ध वस्तू घडविताना धनाबरोबर कर्त्याला स्वतःच्या अनुभवाचाही काही अंश खर्चावा लागे. पुढे हा नियम गेला. खेळाडूंना तो आवडत नसे, असे पुतण्या सांगतो. आम्हांस तो गेल्याचे थोडे वाईट वाटते, पण आम्ही खेळत नाही. उलट बाजूला ‘एबरॉन’ हे कल्पित जग आहे. कीथ बेकर यांनी रचलेले हे जग २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात मंत्रविद्या हा उद्योगच झाला आहे. रस्त्यांवर न विझणारे दिवे, विजेवर धावणाऱ्या गाड्या, निरोप पोचविणारी घराणी, आणि अर्धेमुर्धे शिकून दोन-तीन मंत्रांवर पोट भरणारे कारागीर. कल्पना मनोरंजक आहे. परंतु तेथे मंत्रज्ञास रिकामा मंगळवार उरतच नाही. त्यास नोकरी असते.

शिक्षकवर्गास अधिक जवळचा वाटेल असा एक निराळाच खेळ आहे, त्याचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. ‘आर्स मॅजिका’ हा खेळ जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. हेच ट्वीट पुढे वर सांगितलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांपैकी एक झाले. या खेळाची भूमी मध्ययुगीन युरोप असून २००४ च्या पाचव्या आवृत्तीत कथा १२२० सालापासून सुरू होते. येथे काळ मोजावयाचा तो दिवसांनी नव्हे, ऋतूंनी. त्यांचे ऋतू चार, तीन-तीन महिन्यांचे. एका ऋतूत मंत्रज्ञाने एकच काम हाती घ्यावयाचे: ग्रंथ वाचणे, नवा मंत्र शोधणे, वस्तू सिद्ध करणे, ग्रंथ लिहिणे किंवा शिष्यास शिकविणे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मोहीम मुख्य आणि छावणी मधली, येथे अध्ययन मुख्य, आणि मोहीम निघाली की मंत्रज्ञ अभ्यासाचा ऋतू बुडाला म्हणून कुरकुरतो. गावाशीही त्याचे फारसे जमत नाही. त्याच्या अंगच्या विद्येमुळेच सामान्य माणसांस त्याच्याविषयी अकारण संशय वाटतो, म्हणून बाजारहाट त्याचे सोबती करतात आणि तो आपल्या प्रयोगशाळेत राहतो.

ग्रंथांचे नियम तर साहित्य संस्थांनी वाचावेत असे आहेत. काही ग्रंथ विषयाचे सांगोपांग विवेचन करणारे असतात, त्यांना पातळी आणि गुणवत्ता अशी दोन मापे लावतात. पातळी लेखकाच्या स्वतःच्या ज्ञानाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. म्हणजे जेवढे लिहावयाचे त्याच्या दुप्पट ठाऊक असावे लागते. दुसरे असतात ते छोटे निबंध. एका निबंधापासून वाचकास एकदाच लाभ होतो, आणि एका विषयावर एका लेखकाला किती निबंध लिहिता येतील यालाही त्याच्या ज्ञानानुसार मर्यादा आहे. हा शेवटचा नियम नियतकालिकांच्या संपादकांनी विचारात घेण्यास हरकत नाही. अर्थात आम्हांस वगळून. शिष्यत्व पंधरा वर्षांचे असते आणि गुरूने प्रत्येक वर्षातला निदान एक पूर्ण ऋतू शिष्याला द्यावा लागतो. तो ऋतू त्याच्या स्वतःच्या अभ्यासातून वजा होतो. अध्यापनाची किंमत अध्यापकाच्या अध्ययनातून चुकती होते, हे आपण जन्मभर अनुभवतो, परंतु कोणत्याही वेतनश्रेणीत ती वजाबाकी दाखविलेली नसते.

आता माडीवर जे घडले ते सांगतो. मोहिमेत त्या मंडळींचा योद्धा मेला. मृतास उठविण्याचा मंत्र या खेळात आहे; शुक्राचार्यांची संजीवनीच म्हणा. परंतु मृत्यूला दहा दिवसांहून अधिक होता कामा नये, आणि ५०० मोहरांचा हिरा त्यात खर्ची पडतो. प्रेत घेऊन गावात येण्यात दोन दिवस गेले. देवालयाचा पुजारी जुन्या उपकाराखातर मंत्र म्हणण्यास तयार होता, हिरा मात्र त्याच्यापाशी नव्हता. सगळ्यांच्या थैल्या उलट्या केल्यावर ३१० मोहरा जमल्या. मंत्रज्ञाची भूमिका घेणाऱ्या मुलीपाशी निराळ्या १०० होत्या, पण त्या तिने दुसऱ्या पायरीचा एक मंत्र उतरून घेण्यासाठी ठेवलेल्या. त्या मंत्राची पोथी गावातल्या एका वृद्ध मंत्रज्ञाने तिला उसनी दिली होती, आणि आठ दिवसांनी तो ती घेऊन परगावी जावयाचा होता.

कमी पडत होत्या १९० मोहरा आणि दिवस होते आठ. मग सूत्रधाराने गावाची दारे उघडली. एका सराफाने दोन वस्तूंचे गुण ओळखून घेतले, त्याचे ४० मिळाले. खाणावळवाल्याने माणकाची पूड स्वतः आणून न विझणारा दिवा करून घेतला, त्याचे आणखी ४०. परभाषेतील तीन खतपत्रे वाचून दाखविल्याचे ३०. सहाव्या दिवशी एका व्यापाऱ्याची बायको आली. तिचा मुलगा भांडून समुद्रापार गेला होता आणि तो या मंत्रज्ञेचा गुरुबंधू होता. दूर निरोप पाठविण्याचा मंत्र ओळखीच्या माणसापर्यंतच पोचतो, म्हणून ती हिच्याकडे आली. निरोप २५ शब्दांहून मोठा चालत नाही. मुलीने अर्धा तास खोडाखोड करून असे लिहिले: “बाबा आजारी आहेत. वैद्यांनी आशा सोडली नाही, पण वाट तुझीच पाहतात. घरावरचे कर्ज फिटले. रागावून गेलास ते आम्ही विसरलो. पहिल्या गलबताने निघून ये. उत्तर लगेच दे.”

सूत्रधाराने मोजले, ते २६ भरले. मुलगी म्हणाली, ‘निघून ये’ हे संयुक्त क्रियापद, म्हणून एक धरावे. वाद निवाड्यासाठी आमच्याकडे आला. आम्ही सांगितले की, एक तर येथे निघणे आणि येणे या दोन्ही क्रिया आपापला अर्थ राखून आहेत, तेव्हा हे संयुक्त क्रियापद नव्हेच. आणि असते तरी क्रियापद एक म्हणून शब्द एक होत नाही. ‘पण’ गाळावे, अशी सूचनाही केली. “सर, ‘पण’ काढले तर आई बोलते आहे असे वाटणार नाही,” असे तिने आम्हांस सुनावले, आणि ‘लगेच’ खोडले. मंत्राचा नियमच असा आहे की, उत्तर द्यावयाचे ते तत्क्षणीच देता येते. तेव्हा तो शब्द फुकट जात होता. हे आमच्या लक्षात आले नव्हते. मुलाचे उत्तर तीन शब्दांचे आले, “निघालो. बाबांना सांग.” त्या बाईने ६० मोहरा दिल्या.

आठव्या दिवशी संध्याकाळी बेरीज १७० झाली. वीस कमी. रात्री मुलगी बराच वेळ काही बोलली नाही, आणि बाकीच्यांनीही तिला काही सुचविले नाही. मग तिने आपल्या १०० मधल्या २० मोजून मध्ये ठेवल्या. उरलेल्या ८० मध्ये तो मंत्र उतरून घेता येत नव्हता. हिरा आला, योद्धा उठून बसला आणि पहिली गोष्ट त्याने जेवण मागितले. पहाटे वृद्ध मंत्रज्ञ पोथी मागावयास आला, तेव्हा मुलीने ती फडक्यात बांधून त्याच्या हाती दिली.